तीन मिनिटांच्या मागचं वर्ष

पार्कोरशी आपल्यापैकी बहुतेकांची पहिली ओळख व्हिडिओतूनच होते. कुणीतरी एका गच्चीच्या कठड्यावरून पलीकडच्या गच्चीवर झेप घेतं, दोन हात टेकून भिंत पार करतं, रेलिंगवरून चालत येतं, आणि कुठेही न अडखळता गल्लीच्या टोकाला दिसेनासं होतं. पाहणारा पंधरा-सोळा वर्षांचा असेल, तर त्याच्या मनात एकाच क्षणी दोन इच्छा उठतात. मला हे करायचंय. आणि मला याचा व्हिडिओ करायचाय.

ही पुस्तिका या दोन इच्छांबद्दल आहे, आणि मला त्या दोन्ही मोलाच्या वाटतात. ‘व्हिडिओच्या नादापायी पोरं हातपाय मोडून घेतात’ असं म्हणून दुसरी इच्छा झटकून टाकण्याची मोठ्यांची रीत आहे. ती मला पटत नाही. आपण वर्षभर घाम गाळून जे कमावलं ते दिसावं, जपून राहावं, दुसऱ्याला दाखवता यावं, यात वाईट काही नाही. वाईट घडतं ते क्रम उलटा झाला की. अंगाला जे अजून जमलेलं नाही, ते कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा करून बघायचं ठरतं, आणि मग उडी किती लांब, किती उंच, आज की आणखी महिन्याभराने, हे सगळं अंगाऐवजी कॅमेरा ठरवू लागतो. या पुस्तिकेच्या निम्म्याहून अधिक पानांत दाखवण्यासाठीचं चित्रीकरण येतच नाही, त्याचं कारण हेच आहे. घाईच्या वाचकाला ती पानं उलटून पुढे जावंसं वाटेल. त्याने तसं करू नये म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

पार्कोर जिथे जन्मलं तिथली गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आपण पाहतो त्या व्हिडिओंत ती बहुधा नसते.

जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदलातला अधिकारी. १९०२ साली कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सां-पिएर हे शहर बेचिराख झालं, तेव्हा तो तिथल्या बचावकार्यात होता. माणसं संकटात कशी हलतात, कोण वाट काढतं आणि कोण जागीच थिजतं, हे त्याने जवळून पाहिलं. पुढे त्याने चालणं, धावणं, उडी, चढणं, तोल सांभाळणं, चार पायांवर चालणं, उचलणं, फेकणं, पोहणं, स्वसंरक्षण अशा मूळ हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धत बांधली. माणसाने बलवान व्हावं ते कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, हा त्याचा आग्रह होता. फ्रेंच सैन्यातल्या अडथळ्यांच्या शर्यतीवर या पद्धतीची छाप पडली. त्या शर्यतीला फ्रेंचमध्ये ‘पार्कूर द्यु काँबाताँ’ म्हणतात. पार्कोर हे नाव त्यातूनच आलेलं आहे.

या परंपरेत वाढलेला एक मुलगा म्हणजे रेमाँ बेल. १९३९ साली आजच्या व्हिएतनाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच इंडोचायनात जन्मलेला, युद्धात घरच्यांपासून तुटलेला आणि दालात इथल्या लष्करी शाळेत वाढलेला. बाकीची मुलं झोपली की तो रात्री एकटाच उठून अडथळ्यांच्या मैदानावर सराव करी, हे त्याच्या मुलाने पुढे अनेकदा सांगितलं आहे. फ्रान्समध्ये आल्यावर तो पॅरिसच्या अग्निशमन दलात दाखल झाला. हे दल सैन्याचाच भाग आहे. १९६९ साली नोत्र दाम चर्चच्या टोकावर कुणीतरी व्हिएतकाँगचा झेंडा लावला होता, तो हेलिकॉप्टरमधून दोराने उतरून काढणारा जवान हाच. त्याचा मुलगा दाविद बेल १९७३ साली फेकाँ या गावात जन्मला आणि पंधराच्या आसपास असताना पॅरिसच्या दक्षिणेला लीस इथे राहायला आला.

लीस म्हणजे एव्री या नव्याने वसवलेल्या शहराच्या कडेची वस्ती. काँक्रीटचे जिने, बसकी कुंपणं, उतार, पादचारी पूल, इमारतींमधल्या अरुंद फटी. तलावाकाठी पिएर सेकेली या शिल्पकाराने घडवलेली ‘दाम द्यु लाक’ नावाची उंच शिल्पभिंत उभी होती. ती मुळात चढण्यासाठीच बांधलेली. पुढे तिच्यावर चढायला बंदी आली. दाविद, यान नौत्रा, शो बेल दिन, विल्यम्स बेल, सेबास्तियाँ फूकाँ, लोराँ पिएमोन्तेसी, मालिक दियुफ आणि त्यांचे आणखी काही मित्र इथे वर्षानुवर्षं सराव करत होते. त्यांना गाद्या नव्हत्या, मार्गदर्शक नव्हता, प्रेक्षक तर नव्हतेच. थंडीत, अंधारात, पावसात एकच भिंत पुन्हा पुन्हा चढायची. एकच उडी अंगात मुरेपर्यंत मारायची. त्यांच्यात एक पक्का दंडक होता, आजही जगभर पार्कोर करणारी माणसं तो पाळतात. उडी एकदा जमली तर ती जमली असं धरायचं नाही. दुसरा दंडक सोबतीचा. सगळ्यांनी एकत्र सुरुवात करायची आणि शेवटचा माणूस पोचेपर्यंत संपलं असं म्हणायचं नाही.

त्यांनी आपल्या गटाचं नाव ‘यामाकासी’ ठेवलं. ते काँगोतल्या लिंगाला भाषेतलं आहे. १९९७ साली पॅरिसच्या अग्निशमन दलाच्या कार्यक्रमात त्यांनी लोकांसमोर प्रात्यक्षिक केलं. त्यानंतर गट फुटला, नावं वेगळी झाली. ‘पार्कोर’चं फ्रेंच स्पेलिंग के अक्षराने लिहावं ही १९९८ सालची सूचना अभिनेता यूबेर कूंदे याची. फूकाँच्या वाटेला ‘फ्रीरनिंग’ म्हणू लागले, बाकीच्यांनी आपल्या सरावाला ‘आर द्यु देप्लासमाँ’ म्हणजे हालचालीची कला म्हटलं. या वादांत इथे शिरायचं कारण नाही.

महत्त्वाचं ते पुढचं. २००१ साली ‘यामाकासी’ हा चित्रपट आला. २००२ साली बीबीसीने ‘रश अवर’ नावाची छोटी जाहिरात दाखवली. त्यात संध्याकाळी घरी निघालेला दाविद बेल लंडनच्या छपरांवरून पळत जातो. २००३ साली चॅनल फोरने ‘जंप लंडन’ हा माहितीपट केला. २००४ साली ‘बाँल्यू त्रेझ’ हा चित्रपट आला, २००६ साली ‘कसिनो रॉयल’मध्ये फूकाँ क्रेनवरून पळताना दिसला. याच काळात, २००५ साली, यूट्यूब सुरू झालं. काही वर्षांत जगभरच्या मुलांपर्यंत पार्कोर पोचलं आणि ते पोचलं ते जवळजवळ संपूर्णपणे चित्रांतून.

आता एक साधा हिशेब करा. ‘रश अवर’मध्ये छपरावरून झेपावणारा दाविद बेल २८-२९ वर्षांचा होता. लीसमध्ये आला तेव्हा तो पंधराच्या आसपास होता. म्हणजे त्या जाहिरातीतल्या प्रत्येक उडीमागे तेरा-चौदा वर्षं आहेत, आणि ती जाहिरात जेमतेम दीड-दोन मिनिटांची आहे. पाहणाऱ्याला दोन मिनिटं मिळाली. तेरा वर्षं फारशी कुणी चित्रित केली नव्हती, त्यामुळे ती जगापर्यंत पोचलीच नाहीत. जगभरच्या पोरांनी छप्पर पाहिलं आणि छपरावर गेली. जमिनीवरचं काही त्यांना दिसलेलंच नव्हतं. मला वाटतं पार्कोरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती कुणा एकाची नाही. ज्युली एंजेल या ब्रिटिश चित्रपटकर्तीने लंडनमधल्या पार्कोर करणाऱ्यांसोबत वर्षानुवर्षं चित्रीकरण केलं आणि २०११ साली पार्कोर व चित्रपट यांच्या नात्यावरच पीएचडी केली. तिच्या फिल्म्समध्ये सराव दिसतो, पुन्हा पुन्हा फसलेले प्रयत्न दिसतात, भिंतीसमोर उभं राहून विचार करणारी माणसं दिसतात. स्वतःचा व्हिडिओ करायला निघालेल्याने ती कामं जरूर शोधून पाहावीत.

पुढे या प्रकाराला सरकारी आणि क्रीडासंघटनांची मान्यताही मिळाली. ब्रिटनने २०१७ साली पार्कोरला अधिकृत खेळ मानलं आणि २०२२ साली टोकियोत आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. स्पर्धेचा पार्कोरशी संबंध काय, यावर जुन्या लोकांची नाराजी आहे आणि ती मला समजते. पण आपल्या विषयाला तिचा फारसा स्पर्श नाही.

आपल्या विषयाला स्पर्श आहे तो आणखी जुन्या एका गोष्टीचा. सिनेमा जन्मायच्या आधी, १८८२ साली, पॅरिसजवळ एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोगशाळा उभारली. काळ्या पार्श्वभूमीसमोर धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या माणसांची एकामागोमाग छायाचित्रं तो एकाच काचेवर घेई. त्याचा सहकारी जॉर्ज देमनी याने त्याच चित्रांवरून व्यायामाचं शास्त्र मांडलं, आणि देमनीच्या विचारांचा एबेरवर प्रभाव होता. माणूस कसा धावतो, उडी कशी मारतो हे नीट पाहणं हे हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी होतं. आपल्याकडेही चित्रीकरणाची सुरुवात अंगमेहनतीपासूनच झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने घेतलेल्या पहिल्या चित्रणांत ती मोडते. टाळ्या मिळवण्याच्या कितीतरी आधीपासून कॅमेरा शरीराकडे असा बारकाईने पाहत आला आहे. या पुस्तिकेत त्याच्याकडून आधी ते जुनं काम करून घेतलेलं आहे.

ते कसं, हे जवळून दाखवतो. सरावाला येणारी एक मुलगी फूटपाथच्या कडेवरून समोरच्या कडेवर नेमकी उडी मारत होती. याला पार्कोरमध्ये ‘प्रिसिजन’ म्हणतात. दोन्ही पाय एकदम, चवड्यांवर, अरुंद कडेवर उतरायचं आणि तिथेच थांबायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही. तिला उडी छान जमत होती, तिच्या मते आणि बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मते. मग तिने फोन बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, विटेला टेकवून ठेवला आणि स्लो मोशनमध्ये स्वतःला टिपलं. एकेक फ्रेम पुढे सरकवत आम्ही पाहिलं. पाय कडेवर टेकताना उजवा चवडा डाव्याच्या किंचित आधी पोचत होता. उतरताना डावा गुडघा आतल्या बाजूला झुकत होता, जरासाच, डोळ्याला कधी दिसला नसता इतका. टाच खाली आपटत होती आणि मग ती हात फिरवून तोल सावरत होती. बाहेरून पाहताना ते हात डौलदार दिसत होते. फ्रेममध्ये ते बुडणाऱ्या माणसाचे हात होते.

तो आत झुकणारा गुडघा हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. एक मीटर उंचीवरून खाली आलेलं शरीर जमिनीला टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगात असतं. पाय ताठ ठेवून तो वेग दहा सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर पायांवर सरासरी शरीराच्या वजनाच्या अकरा पट भार येतो. घोटा, गुडघा, कंबर एकामागून एक दुमडत तोच वेग चाळीस सेंटिमीटरमध्ये जिरवला तर साडेतीन पट. उंची तीच, माणूस तोच; फरक फक्त उतरण्याचा. उंची वाढली की पुढे लोळण घ्यायची ती याचसाठी. कोलांटीसारखी मानेवरून नाही, तर एका खांद्यावरून तिरकी पाठ ओलांडत विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. गुडघा आत झुकला की हा सगळा भार सांध्याच्या अशा बाजूवर पडतो जिथे तो पेलायची सोयच नाही. बहुतेकदा एका उडीत काही होत नाही. शंभराव्या, पाचशेव्या उडीनंतर एक दिवस जिना उतरताना वाटीखाली कळ येते, आणि मग कित्येक महिने सराव बंद.

इथेच धीराचा खरा अर्थ येतो, आणि तो मनाच्या मोठेपणाचा वगैरे नाही, निव्वळ शरीराचा आहे. सराव सुरू केला की काही आठवड्यांत स्नायू बळकट वाटू लागतात. पण स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायुबंध, ज्यांना आपण बोलताना शिरा म्हणून मोकळे होतो, त्यांना रक्तपुरवठा कमी असतो आणि ते फार सावकाश मजबूत होतात. त्यांचं मोजमाप महिन्यांत, वर्षांत असतं. त्यामुळे नवशिक्याच्या आयुष्यात एक धोक्याचा काळ येतोच येतो. मांड्यांत ताकद आलेली असते, उडी लांब जाऊ लागलेली असते, आत्मविश्वास चढलेला असतो, आणि गुडघ्याखालचे बंध मात्र अजून जुन्याच माणसाचे असतात. नेमक्या याच काळात व्हिडिओ करायची सगळ्यात जास्त हौस असते.

पुस्तिकेतला सरावाचा क्रम हे लक्षात घेऊन लावलेला आहे. चार पायांवर चालणं, पुढे, मागे, जिना चढत, जिना उतरत. हे दिसायला ओबडधोबड आणि करायला भयंकर. पाच मिनिटांत खांदे भरून येतात. रेलिंगवर तोल, आधी गुडघ्याइतक्या उंचीच्या. कमरेएवढ्या भिंतीवरून हात टेकून सावकाश पलीकडे जाणं, दोन्ही बाजूंनी, कारण प्रत्येकाची एक बाजू आवडती असते आणि दुसरी ढ. भिंतीला हातांनी लोंबकळून वर चढणं. आणि उतरणं, उतरणं, उतरणं, आवाज न करता. कानाने सराव तपासता येतो. पाय जमिनीवर धप्प वाजले तर भार सांध्यांत गेला, हलके वाजले तर स्नायूंत जिरला.

भीतीबद्दल पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मला सगळ्यांत आवडलं. भीती दोन तऱ्हेची असते. एक सांगते, तुझी अजून तयारी नाही. दुसरी तयारी झाल्यावरही राहते, उंचीची, खालच्या रिकामपणाची. पहिलीचं ऐकायचं असतं, दुसरीला पार करायचं असतं, आणि आत दोन्ही अगदी सारख्याच वाटतात. तळहाताला तोच घाम, पोटात तोच गोळा. त्या वेगळ्या करायची पद्धत साधी आहे. जी उडी उंचावर मारायची, तिचं अंतर पावलांनी मोजायचं. टाचेला बोट लावत, पाऊल पाऊल, दहा पावलं, अकरा पावलं. तेच अंतर जमिनीवर खडूने आखायचं आणि तिथे मारायची. दहापैकी दहा वेळा, तोल न जाता, हात न फिरवता, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, दमलेलं असताना पुन्हा. त्यातून एकदाही चुकलं, तर वरची भीती खरं बोलते आहे. एकदाही चुकलं नाही, तर मग थोड्या उंचीवर तेच. असं करत जी उडी एक दिवस प्रत्यक्ष भिंतीवर मारली जाते, तिला बघणाऱ्यांच्या दृष्टीने फारसं महत्त्व नसतं. मारणाऱ्याचं मात्र त्या दिवशी काहीतरी बदललेलं असतं, आणि त्या दिवशी कॅमेरा जवळ नसला तरी चालतो.

आपल्या तालमीत हा निर्णय वस्ताद घेई. मल्लखांबावर कुठली उडी कधी करायची, कुस्तीत जड जोडीदाराशी कधी भिडायचं, हे पोरगं ठरवत नसे. वस्ताद ‘अजून नाही’ म्हणाला की विषय संपला. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला, तेव्हापासून ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज मुंबईत, पुण्यात, नाशिकमध्ये फोन बघून पार्कोर शिकणाऱ्या मुलाला असा कुणी नाही. त्याच्याभोवती आहेत ती त्याच्याच वयाची मुलं, आणि ती सगळी ‘मार, मार’ म्हणतात. ज्याला मल्लखांबाची किंवा जिम्नॅस्टिक्सची शाखा जवळ असेल, त्याने तिथे जावं. हाताची पकड, उलटं असताना दिशेचं भान, पडायचं कसं हे तिथे जितकं नीट शिकायला मिळतं तितकं इतरत्र कुठे मिळत नाही. ज्याला नसेल त्याच्यासाठी वस्तादाचं काम फोनने करायचं. रोजच्या सरावातल्या दोन-तीन उड्या बाजूने टिपायच्या, तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, आणि महिन्याने तीच उडी त्याच कोनातून टिपून शेजारी शेजारी लावून पाहायच्या. फोन खोटं कौतुक करत नाही.

आता व्हिडिओकडे. त्यात एक नियम इतर सगळ्या नियमांच्या वर आहे. शूटिंगच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. हा नियम मोडायला मन किती भाग पाडतं हे ज्याने एकदा शूटिंग केलं आहे त्याला माहीत आहे. मित्राने सुट्टी काढलेली असते, उन्हं कलायला लागलेली असतात, प्रकाश असा पुन्हा मिळणार नाही असं वाटत असतं, आणि समोर एक भिंत असते जी आजवर झालेली नसते. ‘एकच टेक’ हे दोन शब्द तोंडातून निघाले की समजावं की निर्णय आता अंगाच्या हातात राहिलेला नाही. व्हिडिओत जे येईल ते सगळं आधी कितीतरी वेळा झालेलं असावं. तरच चौथ्या, पाचव्या टेकला, दमल्यावर, तेच तितकंच नीट करता येईल, आणि चित्रीकरणात चार-पाच टेक तर लागतातच.

हे ऐकून काहींना वाटेल की मग व्हिडिओत थरार काय राहिला? मला उलट वाटतं. ज्याच्या अंगात हालचाल मुरली आहे त्याची साधी भिंत पार करणंही पाहत राहावंसं वाटतं, आणि ज्याच्या अंगात ती मुरलेली नाही त्याची मोठी झेपही पाहवत नाही, कारण पाहणाऱ्याला ती भीती दिसते. स्वतःचा व्हिडिओ याचा अर्थ स्वतःचा परिसर, स्वतःची चाल. शाळेमागचा कट्टा, सोसायटीचा जिना, बागेतले बाक, नदीकाठच्या घाटाच्या पायऱ्या. लंडनच्या छपरांची नक्कल आपल्या गल्लीत केली की ती नक्कलच दिसते. तुमची ताकद तोलात असेल तर तोल दाखवा. तुम्ही जड अंगाचे असाल आणि भिंत चढणं तुमचं बलस्थान असेल तर ते दाखवा. पुस्तिकेने पाचशे मीटरच्या आतला आपला परिसर पायी हिंडून त्याचा नकाशा काढायला सांगितलं आहे, आणि हा सल्ला मला उत्तम वाटतो.

तांत्रिक बाजू पुस्तिकेत नीट सांगितली आहे, त्यातलं मला कळीचं वाटतं तेवढं इथे. उडीचं खरं अंतर बाजूने, शरीराच्या उंचीवरून टिपलं तरच दिसतं. खालून घेतलं की उंची फुगते, मागून घेतलं की समोरची फट अंगावर येते, आणि फोनच्या वाइड लेन्सने अगदी जवळून घेतलं की पाय मोठे आणि माणूस विचित्र दिसतो. हे सगळे कोन वापरावेत, पण निदान एक कोन असा असावा ज्यात धाव, झेप आणि उतरणं तिन्ही एकाच अखंड शॉटमध्ये आहेत. पाय टेकण्याच्या आधीच कट मारणं मला फसवणूक वाटते. उतरणं हाच तर उडीचा कठीण भाग आहे. रात्री ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर बहुतेक शटरवर चित्र लुकलुकू शकतं. स्लो मोशन जपून वापरा, सगळंच संथ केलं की वजनच नाहीसं होतं. संगीत लावाच, पण परवानगीचं, आणि त्याखाली पावलांचे, हाताच्या थापेचे, श्वासाचे आवाज जिवंत ठेवा. फसलेले प्रयत्न घ्यावेत का, असा प्रश्न नेहमी येतो. हसवण्यासाठी घेऊ नयेत. एखादी उडी कशी घडत गेली ते दाखवायला घ्यावेत, आणि भिंतीसमोर उभं राहून शेवटी परत फिरल्याचा शॉट असेल तर तो नक्की घ्यावा. लीसची ती तेरा वर्षं फारशी कुणी टिपली नाहीत; तुमचं एक वर्ष तुम्ही टिपू शकता.

जागेबद्दल आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला हवं. फ्रान्समधल्या काँक्रीटवर केलेल्या गोष्टी आपल्या भिंतींवर जशाच्या तशा होत नाहीत. आपल्या कुंपणभिंतींवर काचा रोवलेल्या असतात, कठड्यांचा गिलावा आतून सुटलेला असतो, आणि जून ते सप्टेंबर सावलीतल्या प्रत्येक पायरीवर शेवाळ असतं. वजन टाकण्याआधी हाताने थोपटून, पायाने दाबून, कडा हलवून पाहायचं, प्रत्येक वेळी, कालच पाहिलेली भिंत असली तरी. सोसायटीच्या आवारात सेक्रेटरीला आणि वॉचमनला आधी विचारायचं. चोरून शूट करताना नजर निम्मी वॉचमनवर असते आणि निम्मी कडेवर, आणि पडणं तिथेच होतं. रेल्वेच्या हद्दीत पाऊलही टाकू नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्टची वीज असते.

किल्ल्यांविषयी माझं मत ठाम आहे. तटबंदी, बुरूज, जंग्या पाहून पार्कोर करणाऱ्याचे पाय शिवशिवतात हे मी जाणतो. पण त्या दगडांमधला चुना तीन-चारशे पावसाळे खाऊन बसला आहे. तुमच्या एका उतरण्याने एक दगड हलला तर तो परत बसवता येत नाही. गडावर जावं, चढावं वाटेने, आणि कॅमेरा न्यायचाच तर दृश्यासाठी न्यावा.

शेवटी पालकांसाठी चार ओळी, कारण ही पुस्तिका मुलांच्या दप्तरात सापडली की ती आधी तुमच्याच हातात येणार आहे. बंदी घातलीत तर मुलं सराव थांबवत नाहीत, फक्त तुम्हाला सांगायचं थांबवतात, आणि मग दुखरा गुडघाही लपवतात. त्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी त्यांच्यासोबत मैदानावर या. उडी किती लांब गेली ते पाहू नका. ते उतरतात कसे ते पाहा, आवाज ऐका, आणि उतरताना गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की आत झुकतात एवढं बघा. झुकत असतील, तर पुढचे काही आठवडे उंची कमी करायची, आणि हे सांगताना त्यांचाच व्हिडिओ त्यांना दाखवा. गुडघ्यात, टाचेत किंवा मनगटात दोन आठवड्यांहून जास्त काळ दुखत असेल, तर तेल चोळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि शूटिंगच्या दिवशी शक्य झालं तर कॅमेरा तुम्ही धरा. ‘आज राहू दे’ असं म्हणू शकणारं कुणीतरी तिथे असेल.